वाड्सो ते ट्रोम्सो, मुक्काम सीब

अख्ख्या ओमानात, अहो ओमान कशाला, अख्ख्या आखातात पृथ्वीच्या टाळूवरून उडणाऱ्या विमानांची माझ्या साडूंइतकी काळजी वाहणारा दुसरा माणूस दाखवा, मी नाव बदलून घेतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे चिपळूणचे, गेली कित्येक वर्षं राहायला मस्कतजवळच्या सीबला. बाहेर उन्हानं डांबर मऊ पडलेलं असतं, गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसतो, आणि हा गृहस्थ तुमच्या खांद्यावर हात ठेवून विचारतो, की जगाच्या पार उत्तरेला, जिथे झाडसुद्धा उगवायला कचरतं, तिथल्या अमक्या विमानतळावरून तमक्या विमानतळावर पोचायला किती वेळ लागत असेल? दिल्ली, लंडन, न्यूयॉर्क असल्या ठिकाणांशी त्यांना काही कर्तव्य नाही. ज्या गावात माणसांपेक्षा बर्फ जास्त आणि विमानतळाची इमारत आपल्या सोसायटीच्या ऑफिसएवढी, तेच गाव त्यांच्या लेखी मोजण्याच्या लायकीचं.

मी पहिल्यांदा मस्कतला उतरलो तेव्हा मला घ्यायला साडूच आले होते. नवीन लग्न, नवीन नोकरी, दारातून बाहेर पडताच तोंडावर आदळलेली ती भट्टीची हवा, मी पार गांगरून गेलेलो. माणूस विचारतो, प्रवास कसा झाला, जेवण मिळालं का. साडूंनी माझी बॅग डिकीत टाकली, गाडी सुरू केली आणि विचारलं, "इनुविक ते येलोनाइफ किती वेळ लागेल असं वाटतं तुला?" मला वाटलं, असतील मस्कतमधलेच एरिये. मी आपला सावधपणे म्हणालो, "ट्रॅफिकवर आहे." त्यावर साडू इतके हसले, इतके हसले, की त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. डोळे पुसत म्हणाले, "कॅनडाच्या उत्तरेला आहे रे बाबा ते. ट्रॅफिक कुठलं तिथे!" त्या दिवसापासून मी त्यांचा हक्काचा श्रोता झालो. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला 'अरे बाबा' म्हणतात, आणि आमचं बाकीचं सगळं संभाषण नकाशाच्या वरच्या काठावर चालतं.

साडूंचा धंदाच मुळात थंडीचा. एका मासळीच्या कंपनीची शीतगृहं ते सांभाळतात. सीबपासून सहमपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं त्यांच्या कोल्ड रूम पसरलेल्या, त्यामुळे आठवड्यातून दोनतीनदा सहमची चक्कर ठरलेली. गाडीच्या मागच्या सीटवर बारा महिने एक जाड स्वेटर, मफलर आणि कानटोपी. एकदा भर जूनमध्ये कोल्ड रूममधून निघाले ते तसेच कानटोपीसकट मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या टायरच्या दुकानात येऊन उभे राहिले. आमचा ओमानी अर्बाब, म्हणजे मालक, खुर्चीतून उठला. मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "खलास?" त्याला वाटलं, या माणसाचं काही खरं नाही. म्हटलं, तब्येत उत्तम आहे, आमचे नातेवाईक आहेत. तर या कोल्ड रूममध्ये फार पूर्वी कधीतरी उत्तरेकडल्या माशांचं एक खोकं आलं. ज्या विमानतळावरून ते निघालं होतं त्याचं नाव साडूंना काही केल्या वाचता येईना. दुसऱ्या कुणी खोकं फोडून मासा बघितला असता. साडूंनी मासा तिथेच सोडला आणि ते नाव डोक्यात घेऊन घरी आले. ते अजून उतरलेलं नाही.

वेळ काढायची त्यांची एक रीत आहे. "अंतर काय, कुणीही दोरी लावून मोजेल," ते म्हणतात, "वेळेला वारा लागतो." मग वारा कुठून आहे, पंखावरचा बर्फ धुवायला किती वेळ जाईल, धावपट्टीवर रेनडिअर चरत असतील तर त्यांना हाकलायला किती, असं सगळं धरून ते आकडा सांगतात. रेनडिअरची पाच मिनिटं मी त्यांना कधीच मान्य केली नाहीत. आमच्याकडे एसटी म्हशीसाठी याहून जास्त थांबते. आणि अंतर समजावून सांगायचं तर त्यांचं माप एकच, सीब ते सहम, म्हणजे एकशेसाठसत्तर किलोमीटर. लाँगइयरब्येन म्हणून एक गाव आहे, त्याच्या वर म्हणे नुसतं अस्वलांचं राज्य. ते नॉर्वेतल्या ट्रोम्सोपासून किती लांब? "सहा वेळा सहम!" आणि मधे एकही पेट्रोल पंप नाही, चहाची टपरी नाही, नुसता काळा समुद्र. हे सांगताना साडूंचा आवाज देवळात शिरल्यासारखा खाली येतो. "बघ ना," ते म्हणतात, "खाली दिवा नाही, रस्ता नाही, माणूस नाही. आणि वर अंधारात पंधरावीस माणसं आपली शांतपणे बसलीयत, कुणी पेपर वाचतंय, कुणी मुलाचं नाक पुसतंय. हे कसं जमवलं असेल रे माणसानं?" मी चेष्टा करायचो, "चहा देतात का?" साडू दुखावले जायचे. पण खोटं कशाला बोलू, ते असं बोलायला लागले की माझ्याही अंगावर काटा यायचा. मी तो दाखवत नव्हतो इतकंच.

त्यांच्या घरी जायचं तर शाल घेऊन जावं लागतं. एसी सतरावर. माझी थोरली मेव्हणी, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, ती ऐन उन्हाळ्यात स्वयंपाकघरात कार्डिगन घालून पोळ्या लाटते. हॉलमध्ये लोक देवाची तसबीर लावतात, मुलांचे फोटो लावतात. साडूंनी भिंतभर नकाशा लावलाय, आणि तोही असा की उत्तर ध्रुव बरोबर मध्यभागी आणि बाकीचं जग त्याच्या भोवती पसरत गेलेलं. एकदा कुणाच्या तरी लहान मुलीनं विचारलं, "अंकल, व्हेअर इज इंडिया?" साडू म्हणाले, "सोफ्याच्या मागे." आणि खरंच सोफा सरकवून दाखवला. ओमानवर एसीच्या पाइपचं पाणी ठिबकून एक तपकिरी डाग पडला होता.

असल्या माणसावर कुठलंही काम सोपवू नये, पण माझ्या सासूबाईंनी सोपवलं. नात्यातल्या एका मुलीसाठी कॅनडातलं स्थळ आलं होतं, मुलगा उत्तरेकडच्या कुठल्याशा खाणीवर इंजिनिअर. जावयांना त्या भागाची माहिती आहे, तेव्हा त्यांनी जरा चौकशी करावी, असं ठरलं. साडू महिनाभर चौकशी करत होते. फोन काय, ईमेल काय! शेवटी सासूबाईंनी चिपळूणहून विचारलं, "मग? मुलगा कसा आहे?" साडू उत्साहानं म्हणाले, "मुलाचं काही कळलं नाही, पण धावपट्टी खडीची आहे!" ते लग्न काही जमलं नाही. सासूबाई अजून त्यांच्याशी तुटक बोलतात, आणि साडूंना अजून कळलेलं नाही की त्यांचं काय चुकलं.

मनगटं दोन आहेत म्हणून घड्याळंही दोन. डाव्या हातावर मस्कतची वेळ, उजव्या हातावर उत्तरेची, म्हणजे नॉर्वेची. रस्त्यात कुणी वेळ विचारली तर साडू आधी उजवा हात वर करतात, मग "अरे, तुम्ही इकडचे नाही का" म्हणून डावा. दुपारी जेवताना मधेच म्हणणार, "आत्ता तिथे लोकांची सकाळच चाललीय." माझी बायको म्हणते, भाऊजींचं जेवण इथे होतं आणि पचन तिथे.

आता गंमत बघा. हा माणूस स्वतः कधी कुठे गेला? मस्कत-मुंबई आणि मुंबई-मस्कत. बस्स. आणि तेही कसं? निळ्या दोरीनं आवळलेलं खोकं चढवायचं, त्यावर चारी बाजूंनी मार्करनं नाव लिहायचं, सीटवर बसायचं आणि चाकं जमिनीवरून उचलायच्या आत घोरायला लागायचं. खिडकीतून बघणंसुद्धा नाही. "तो काय प्रवास आहे? भाजी आणायला गेल्यासारखं," असं त्यांचं मत. मी एकदा वैतागून म्हटलं, "दादा, इतकं प्रेम आहे तर एकदा जाऊन या ना तिकडे. पैसे आहेत, रजा आहे, अडलंय काय?" साडूंनी माझ्याकडे अशा दयेनं बघितलं! म्हणाले, "जाऊन काय करायचं? गेलं की अंतर संपतं." मी आपली शाल घट्ट लपेटून घेतली.

त्यांना एकच मुलगी. माझी भाची मस्कतच्या इंडियन स्कूलमध्ये शिकली, मैत्रिणींशी इंग्रजीत बोलून वाढली, तिचं मराठी अजून एकेक पायरी बघत उतरल्यासारखं येतं. पण ट्रोम्सो, किर्केनेस, वाड्सो ही नावं तिला बाराखडीच्या आधी आली. लहानपणी तिला झोपवताना साडू ध्रुवावरची विमानं एकेक करून उतरवायचे. मग काय, पोरगी शिकायला नॉर्वेला गेली, तिथेच माशांच्या आजारांवर काही संशोधन केलं आणि नोकरी कुठे धरली म्हणता? वाड्सोला! नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, समुद्राच्या काठी. लग्नही तिथल्याच मुलाशी, तो मासेमारीच्या मोठ्या बोटीवर इंजिनिअर. मुलगा भला आहे, पण महिन्यातले अर्धे दिवस दर्यात. साडूंच्या आनंदाला तर पारावार राहिला नाही. दर शुक्रवारी आम्हाला वाड्सोपुराण. "अरे, तिथे विमान म्हणजे एसटी! दात दुखला की विमान. शाळेची मॅच आहे, विमान. वाड्सो ते ट्रोम्सो सव्वाचारशे किलोमीटर, अडीच वेळा सहम, आणि कुणाला त्याचं काही वाटतच नाही." भाची फोनवर म्हणायची, "बाबा, यू कम ना. मी तुम्हाला विमानात बसवते, विंडो सीट." साडू म्हणायचे, येईन, येईन. तिनं हट्टानं दोघांचे व्हिसा काढायला लावले. ताई निघाली, साडू इथेच राहिले.

ताई निघाली ती बाळंतपणाला. भाचीला सातवा संपत आला होता. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, धुरीसाठी ओवा, आणि एक छोटी शेगडीसुद्धा, असं सगळं खोक्यात भरून ताईनं ते उत्तर ध्रुवाच्या दिशेनं रवाना केलं. साडूंनी समजावलं की शेवटचं विमान लहान असतं, वजनाचं बघ. ताई म्हणाली, "विमान लहान असेल, बाळंतपण लहान नसतं." शेगडी विमानतळावरच काढून घेतली, ते सोडा. पण ओव्याची धुरी ताई तव्यावर देणार होती, आणि तिथल्या घरातली आगीची घंटा वाजू नये म्हणून काय करावं, यावर आमच्या दोन घरांत आठवडाभर चर्चा चालली होती.

नोव्हेंबर नुकता लागला होता. मस्कतची हवा माणसात आली होती. ताई नाही म्हणून साडू शुक्रवारी रुवीला आमच्याकडे जेवायला. जुम्म्याची नमाज नुकतीच सुटली होती, खाली रस्त्यावर माणसांची घरी परतायची गडबड, दुकानं अजून बंद. बायकोनं किंगफिश, म्हणजे आपली सुरमई, तळायला घेतला होता, सोलकढीचं भांडं टेबलावर आलं होतं. साडू मला अलास्कातलं काहीतरी सांगत होते आणि मी हूं हूं करत काकडी खात होतो. तेवढ्यात त्यांच्या फोनवर ताईचा मेसेज आला. साडूंनी तो मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला थांबून फोन माझ्यापुढे धरला. मी फोन घेऊन वाचला. "आठव्यातच कळा सुरू झाल्या. बाळाचे ठोके कमी होतात म्हणतात. इथे सोय नाही. ट्रोम्सोला मोठ्या हॉस्पिटलात नेतायत, रुग्णाचे विमान आहे. १०.२० ला निघणार. मी बरोबर आहे. जावयाला बोटीवर निरोप दिलाय."

बायकोनं गॅस बंद केला. साडूंनी उजवा हात वर करून घड्याळ बघितलं. "पावणेअकरा," ते म्हणाले. "म्हणजे निघाले. मेसेज उशिरा पोचला." ताईला फोन लावला तर बंद. तो असणारच. ताई मुंबईला जायला निघते तेव्हा सीबच्या घराला कुलूप लावलं की फोन बंद करते, विमानाला त्रास नको म्हणून. तिला कुणी काही सांगू शकलेलं नाही.

"भाऊजी, किती वेळ लागतो?" बायकोनं विचारलं.

साडूंनी मान खाली घातली. मला वाटलं, वाऱ्याचा हिशोब चाललाय. पण ते नुसते टेबलावरच्या सोलकढीकडे बघत होते. बायकोनं परत विचारलं तेव्हा म्हणाले, "लांब आहे गं. फार लांब आहे."

अहो, मी हादरलो! ज्या माणसानं दोन वर्षं माझ्या कानाशी वाड्सो-ट्रोम्सोचा रतीब घातला, तो म्हणतो लांब आहे? मीच म्हणालो, "सव्वाचारशे किलोमीटर. पंचावन्न मिनिटं. वारा समोरून असला तर तास." साडूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. म्हणाले, "तुला कसं माहीत?" मी म्हणालो, "कमाल करता दादा, तुम्हीच नाही का डोकं खाल्लंत?" बोलून गेलो आणि जीभ चावली.

मग त्यांनी फोनवर ते ॲप उघडलं, ज्यात जगभरातली विमानं नकाशावर सरकताना दिसतात. नॉर्वेचा वरचा काठ मोठा करून बघितला. एकही विमान नाही. नुसता रिकामा किनारा. "हॉस्पिटलचं विमान दाखवत नसतील," मी म्हणालो. साडू म्हणाले, "दाखवतात. मी कितीदा बघितलंय." आम्ही अडाणी होतो, आम्हाला आशा होती. त्यांना मात्र रिकाम्या आभाळाचा अर्थ लागत होता. उजव्या हातावर सव्वाअकरा झाले, तरी फोन नाही. मी त्यांच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि पालथा घालून ठेवला. "बघू नका आता ते," मी ओरडलोच. बायकोनं देवापुढे निरांजन लावलं होतं आणि तिथेच भिंतीला टेकून बसली होती.

साडू खुर्चीवरून उठून जमिनीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी असं बसलेलं बघितलं नव्हतं. "खाली दिवा नाही रे," ते म्हणाले. "रस्ता नाही." तेच शब्द, जे ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. पण आता त्यात नवल नव्हतं, नुसती भीती होती. जरा वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तिला पहिल्यांदा मस्कतला आणलं तेव्हा तीन महिन्यांची होती. विमानात सबंध वेळ रडली म्हणे. ही सांगते, मला माहीत नाही. मी झोपलो होतो." मग एकदम माझ्याकडे वळून, "तिनं किती वेळा बोलावलं रे मला. आणि मी काय म्हणालो? गेलं की अंतर संपतं. अक्कल गहाण टाकली होती मी!" मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि आमचे दोघांचे गुडघे एकमेकांना लागले, तेवढंच. त्या माणसाची मला त्या घटकेला जी माया आली ती मी कधी त्यांना बोलून दाखवणार नाही, पण आली. बारा वाजले उजव्या हातावर.

फोन वाजला तेव्हा तो पालथा असल्यामुळे कुणाचा ते दिसेना, आणि उचलायची तिघांचीही हिंमत होईना. शेवटी बायकोनं उचलला आणि स्पीकरवर टाकला. ताईचा खणखणीत आवाज! "पोचलो हो. आत घेतलंय तिला. ठोके ठीक आहेत म्हणाले. वेळेवर आलो अगदी, दहावीसला निघालो आणि सव्वाअकराला खाली."

"सव्वाअकरा?" साडू किंचाळले. "अगं, आत्ता सव्वाबारा वाजून गेले तिथे! तासभर होता कुठे तुम्ही?"

"सव्वाबारा कुठले? साडेअकरा होतायत आत्ता. अहो, रविवारी इथे सगळ्यांनी घड्याळं तासभर मागे नाही का घेतली थंडीची? मी फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही काय करत होता? तुमच्या अलास्कात असाल!"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आपण चिपळूणची माणसं. आपल्याकडे जन्मात कुणी घड्याळ मागे घेतलं नाही, ओमानातही घेत नाहीत. उत्तरेकडले लोक वर्षातून दोनदा वेळ सरकवतात, हे साडू स्वतः आम्हाला तोंड भरून सांगत आले, पण हाताला सवय असावी लागते ना! म्हणजे ज्या वेळी आम्ही रिकामं आभाळ बघून विमान पडलं असं धरलं, त्या वेळी ते अजून वाड्सोच्या धावपट्टीवरून उडालंसुद्धा नव्हतं. आभाळ रिकामं दिसणार नाही तर काय? खरं सांगतो, मला साडूंच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली आणि त्यांना मिठीही मारावीशी वाटली. त्यांतलं काहीच केलं नाही. साडू घड्याळाची चावी ओढून काटा मागे घ्यायला बघत होते आणि तो पुढेच चालला होता. बायकोनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि काटा तासभर मागे करून दिला. मग त्यांनी गार झालेला मासा खाल्ला, रडत रडत खाल्ला, आणि वर सोलकढी मागून घेतली.

संध्याकाळी मुलगी झाली. एवढीशी, मुठीएवढं तोंड, काचेच्या पेटीत ठेवलेली. जावई दोन दिवसांनी बोटीवरून पोचला. भाचीनं फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बाबा, आता तरी या." त्या आठवड्यात साडू निघाले. स्वेटर, मफलर, कानटोपी सगळं कोल्ड रूमचंच, नवीन काही घ्यावं लागलं नाही. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. एरवी तिथे पाऊल टाकताच ज्यांचं तोंड सुरू होतं ते साडू त्या दिवशी मुकाट्यानं रांगेत उभे होते आणि पासपोर्ट दर दोन मिनिटांनी चाचपून बघत होते.

बाळ बरेच दिवस ट्रोम्सोच्या हॉस्पिटलात होतं. साडू तिथेच राहिले. आमचे शुक्रवार फार मोकळे मोकळे गेले. मासा तळून व्हायचा, आम्ही दोघं जेवायचो, आणि दोन वाजायच्या आत सगळं आवरून झालेलं असायचं. मला स्वतःचाच राग यायचा, कारण मी टीव्हीसमोर बसून मनात कुठली तरी दोन नावं घेत असायचो. मग डिसेंबरात एकदा साडूंचा फोन आला. सगळे घरी वाड्सोला पोचले होते, नेहमीच्या प्रवासी विमानानं, बाळालाही घेऊन. तिकडे तेव्हा दुपारीसुद्धा सूर्य वर येत नाही. साडू बाळाच्या वजनाचं सांगत होते, ताईच्या डिंकाच्या लाडवांवर नॉर्वेच्या जावयाची कशी वासना बसलीय ते सांगत होते, धुरीनं घंटा वाजली आणि शेजारीण धावत आली ते सांगत होते. विमानाबद्दल चकार शब्द नाही. मला राहवेना.

"ते सगळं असू दे हो दादा," मी म्हणालो. "इतकी वर्षं ऐकवलंत, आता स्वतः बसलात ना त्या विमानात? पंचावन्न मिनिटं बरोबर निघाली की नाही?"

पलीकडे बाळ कुरकुरलं. त्याला थोपटल्याचा आवाज आला. मग साडू अगदी हळू आवाजात म्हणाले, "अरे बाबा, बघायचं राहिलंच. ती माझ्या मांडीवर झोपली होती. मी आपला सबंध वेळ तिचा श्वास चालतोय ना, तेवढंच बघत होतो."

मी बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, काय म्हणाले भाऊजी? म्हटलं, पोचले सगळे सुखरूप.